रेडिएटरमध्ये कूलंट की बोअरचं पाणी?

जळगाव-भुसावळ हा साधारण पंचवीस किलोमीटरचा रस्ता मी रोज माझ्या चौदा वर्षं जुन्या छोट्या गाडीने करतो. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा जुन्या गाडीचा जीव इंजिन थंड राहण्यावर असतो. ते काम रेडिएटरमधलं पाणी किंवा कूलंट, म्हणजे त्यासाठीचं खास द्रव, करतं.

बोअरचं पाणी फुकट, वाटेत कुठेही मिळतं. पण ते जड. आंघोळीच्या बंबाला आतून जसा पांढरा थर धरतो, तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. दोन वर्षांपूर्वी थंड गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आत तांबूस गाळ. बोटाला चिकटला. वॉटर पंप गळायला लागला होता, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांमधलं पॅकिंग, थोडक्यात वाचलं.

कूलंटला पैसे लागतात. मात्र त्यातलं ग्लायकोल उकळबिंदू वाढवतं आणि गंजरोधक द्रव्यं अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला जपतात. तयार मिश्रण घेतलं तर तसंच ओतायचं. घट्ट कूलंट आणलं, तर डब्यावरच्या प्रमाणात डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा. इथेच बरेच जण बोअरचं पाणी घालतात आणि केलेला खर्च वाया जातो.

मी तर कूलंटच म्हणेन. साधं पाणी फक्त अडीनडीला, गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतं. मग रेडिएटर फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन, पुन्हा कूलंट. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका, उकळती वाफ थेट तोंडावर येते. होळीच्या सुमारास रेडिएटरचा रबरी होज पाइप दाबून बघा. कडक किंवा चिरलेला वाटला तर बदलूनच टाका, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटचा प्रवाह सोडणारी झडप) आणि रेडिएटरचा पंखाही त्याच फेरीत तपासून घ्या.