इम्पल्स विकायची तर कुणाला? कन्सल्टंट, जाहिरात की ओळखीतला वेडा

हीरोची इम्पल्स, म्हणजे आता बंद झालेली दीडशे सीसीची ऑफरोड बाइक, विकायला काढलीत तर आधी भाव ठरत नाही, आधी गिऱ्हाईक ठरतं. माझ्याच गाडीला पुण्यातल्या एका ऑटो कन्सल्टंटने, म्हणजे जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने, 18 हजार सांगितले, जाहिरात बघून आलेला एक जण 30 पर्यंत चढला, आणि शेवटी ती गेली 38 ला, सांगलीकडच्या एका मुलाला. गाडी तीच, टायर तेच. म्हणून हल्ली कुणी विचारलं, "इम्पल्सला सध्या काय भाव चाललाय?" की मी उलट विचारतो, "देतोयस कुणाला?"

महिंद्राची मोजो किंवा एन्फिल्डची कॉन्टिनेंटल जीटी 535 असणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडावं. शोरूममध्ये असताना ज्यांच्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही आणि कंपनीने बनवणं बंद केल्यावर ज्यांचे भक्त तयार झाले, अशा सगळ्याच गाड्यांची विकताना साधारण एकच गत होते. इम्पल्स 2011 साली आली तेव्हा "सायकलसारखी उंच, आणि दम दीडशे सीसीचा" म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती. तीच माणसं आता विचारतात, कुठे मिळेल का?

भावाचा अंदाज कसा बांधायचा? स्प्लेंडरचा भाव चहाच्या टपरीवरही कळतो. इम्पल्सच्या बाबतीत ऑनलाइन किंमत काढून देणाऱ्या साइट्स एक तर मॉडेलच दाखवत नाहीत, नाहीतर जुनी दीडशे सीसी म्हणून भंगाराच्या आसपासचा आकडा टेकवतात. मी वरून खाली आलो. 2019 साली हीरोचीच एक्सपल्स 200 बाजारात आली आणि 'इम्पल्सला पर्याय नाही' हे म्हणणं संपलं. सुरुवातीच्या काळातली बऱ्या अवस्थेतली एक्सपल्स सेकंडहँड ज्या भावाला मिळते, तो इम्पल्सचा माथा. त्याच्या वर एखादा संग्राहकच जाईल, आणि संग्राहकाची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. नवी एक्सपल्स स्वस्त झाली, तशी जुनी थोडी घसरली, आणि तिच्याखालची इम्पल्सही. 350 च्या वरच्या गाड्यांवर मात्र 40 टक्के लागला, नव्या महागल्या. त्यामुळे जीटी 535 वाल्यांनी विकायची घाई करू नये असं मला वाटतं. चूक असेन तर सोडून द्या.

त्या माथ्यापासून खाली येताना गिऱ्हाइकाला लगेच काय करावं लागणार आहे ते वजा करत जायचं: चेनसेट, फोर्कचे ऑइल सील, टायर. 1 एप्रिल 2019 आधीच्या नोंदणीची गाडी असल्यामुळे एचएसआरपी नंबरप्लेट लावलेली नसेल तर ती आधी, कारण तिच्याशिवाय आरटीओत काम पुढे सरकत नाही. आणि आरसीचं वय. दुचाकीची आरसी 15 वर्षांची, म्हणजे 2012 च्या इम्पल्सला 2027 मध्ये री-पासिंग आलंच, मग दर 5 वर्षांनी. हा मुद्दा गिऱ्हाईक काढणारच, त्याच्या आधी आपणच काढावा.

हँडगार्ड, क्रॅशगार्ड, एलईडी दिवे यांवर घातलेले पैसे विसरा. करिझ्माचं 223 सीसी इंजिन बसवलेल्या इम्पल्सची गोष्ट वेगळी. ऑफरोडवाल्यांत अशा गाडीला मान आहे, पण आरसीवर बदलाची नोंद नसेल तर इंजिन नंबर जुळत नाही, आणि तिथे ट्रान्सफर अडतो. माझी गाडी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच होती, त्यामुळे या भानगडीत मला पडावं लागलं नाही.

आता कन्सल्टंट. लोक त्यांना फार शिव्या घालतात, मला तितकं पटत नाही. ज्याला आठवड्यात हलणारी गाडी हवी त्याच्या यार्डात इम्पल्स महिनोन् महिने धूळ खाणार, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याचे 18 हजार त्या धुळीचा हिशोब करूनच आलेले असतात. बदल्यात तुम्हाला काय मिळतं? अर्ध्या तासात सुटका. फोन नाहीत, टेस्ट राइड नाहीत. बदली झालीय किंवा परदेशी निघालाय, अशांनी मधला फरक हा सुटकेचा खर्च समजावा.

जाहिरातीत आकडा वाढतो, पण डोकं खातं. "लास्ट बोला" हा पहिलाच मेसेज, फोटो उघडूनही न बघता. एक्स्चेंजमध्ये मोबाइल देऊ का, असं विचारणारेही भेटले. हे सगळं हसण्यावारी नेता येतं. नेता येत नाही ते असे फोन:

"दादा, गाडी आहे का? माझ्या लहान भावासाठी पाहिजे. कॉलेजला."

"आहे. बघायला कधी येताय?"

"बघायचं काय, फोटोत दिसतीये ना. टीटीवर सह्या करून मिळतील ना? आणि आधारची झेरॉक्स?"

कॉलेजच्या भावाला घेणारा माणूस आधी किक मारून बघेल, सीटवर बसून पाय टेकतात का बघेल. या गाडीवर तर ते बघावंच लागतं. जो गाडीआधी टीटी, म्हणजे मालकी बदलायचे फॉर्म, विचारतो तो एजंट. जाहिरातीवर आलेल्या फोनांत असे बरेच निघाले, म्हणजे जाहिरातीचा रस्ताही फिरून बऱ्याचदा कन्सल्टंटच्याच दारात जातो.

माझा निर्णय या टीटीनेच केला. फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याची सही, घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी. बाजारात याला 'ओपन टीटी' म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माझी आधीची एक स्कूटर अशीच एका एजंटमार्फत गेली होती. मग काही महिन्यांनी माझ्या मोबाइलवर ई-चलान यायला लागली. विदाऊट हेल्मेट, मग ट्रिपल सीट. फोटोत तीन अनोळखी पोरं, मधल्याच्या हातात क्रिकेटची बॅट, आणि खाली स्पष्ट माझा नंबर. एजंटला फोन केला तर म्हणाला, "होईल साहेब नावावर, पक्की पार्टी मिळाली की लगेच."

या एका वाक्यात सगळं गणित आहे. एजंटने गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर आरसीवर एक मालक वाढतो. 'फर्स्ट ओनर'ची 'सेकंड ओनर' होते, आणि पुढचा घेणारा थर्ड. भाव तिथेच पडतो. म्हणून गाडी दोन-तीन हात फिरली तरी कागदावर ती तुमच्याकडून थेट शेवटच्या माणसाकडे गेलेली दिसायला हवी असते. मधल्या काळात ती कुणाकडे आहे हे तुम्हाला माहीत नसतं, आणि सरकारदरबारी ती तुमचीच असते.

चलानाचं दुःख त्या मानाने किरकोळ. सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल वाचावा. गाडी विकलेली, एकापाठोपाठ एक पुढे गेलेली, 2009 मध्ये अपघात झाला, पण नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली होती. नुकसानभरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच आली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत. ओपन टीटी दिल्यावर तुम्ही कळवणार तरी कुणाचं नाव?

न्यायाला धरून हेही सांगतो, की एप्रिल 2023 पासून नियम सुधारलेत. अधिकृत नोंदणी असलेला जुन्या गाड्यांचा डीलर गाडी ताब्यात घेतो तेव्हा फॉर्म 29 सी भरून आरटीओला कळवलं जातं, आणि तिथून पुढे तो मालक धरला जातो. असं करून घेणारा डीलर मिळाला तर माझा अर्धा आक्षेप संपला. मी ज्यांच्याकडे गेलो त्यांना 29 सी विचारलं तेव्हा ते माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू मी इम्पल्सचं विमान करून मागितलं. तुमच्या गावात अनुभव वेगळा असू शकतो.

तिसरा रस्ता ओळखीतल्या वेड्यांचा. माझ्या मेकॅनिकने शब्द टाकला, ऑफरोडवाल्या दोन ग्रुपवर फोटो गेले, आणि मग बराच काळ काहीच नाही. या रस्त्याला वेळ लागतो, आणि किती लागेल हे सांगता येत नाही. दुसरी अडचण अशी, की इथे गाडीची कुंडली सगळ्यांना ठाऊक असते. ताम्हिणीत कुठे आपटली होती, टँकवरचा पोचा कशाने आला, सगळं. आणि "आपल्यातलाच आहे ना" म्हणून दोन हजार कमी करा, हे हक्काने.

पण घ्यायला आलेला मुलगा कसा बघत होता ते सांगतो. फोनवरच बजावलं होतं, "दादा, मी येईपर्यंत चालू करू नका." आल्या आल्या इंजिनला हात लावून गार आहे का बघितलं. मग जमिनीवर आडवा झाला, इंजिनखालच्या बॅशप्लेटच्या वर मोबाइलचा टॉर्च घालून इंजिनचा खालचा भाग बघितला. फोर्कच्या नळ्यांवरून बोट फिरवून ते बोट नाकाशी नेलं. मागचं चाक धरून दोन्ही बाजूंना हलवलं, स्विंगआर्मचा प्ले, म्हणजे ढिलाई, बघायला. चॅसिस नंबर आरसीशी अंक अंक लावून वाचला. आणि या सगळ्यानंतर पहिला प्रश्न भावाचा आलाच नाही: "माझ्या नावावर कधी करून द्याल? आंबोलीला जातो नेहमी, पोलीस अडवतात."

असं गिऱ्हाईक भेटलं की दोन हजार कमी मिळाले तरी चालतात. त्याला गाडी ठेवायची आहे, म्हणून आरसीवर नाव त्याला तुमच्यापेक्षा जास्त घाईने हवं असतं. तुमची काळजी आणि त्याची गरज इथे एकाच कागदावर येतात. मी 45 सांगितले होते. फोर्कचे सील त्याने स्वतः दाखवून दिले, त्याचे कमी केले, आणि 38 वर हात मिळवला.

व्यवहार असा केला: टोकन घेतलं, परिवहनच्या साइटवर ट्रान्सफरचा अर्ज त्याच्या नावाने भरला, फी भरल्याची पावती हातात आल्यावर उरलेले पैसे बँकेत, मग चावी. विक्रीच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहिली, कारण त्या संध्याकाळचं चलान कुणाचं हा वाद नको. गाडीचे सगळे जुने चलान महाट्रॅफिकवर बघून आधीच भरले होते. एनसीबीचं, म्हणजे नो क्लेम बोनसचं पत्र विमा कंपनीकडून घ्यायला विसरू नका, नवीन गाडी घेतली तर तो बोनस तुमचाच आहे. घेणाऱ्याने पॉलिसी 14 दिवसांत नावावर करून घ्यायची, हे त्याला तिथेच सांगा.

राज्याबाहेरचं गिऱ्हाईक असेल तर मी थोडा हात आखडता घेईन. फॉर्म 28 ची एनओसी, मग तिकडे पुन्हा रोड टॅक्स, आणि तोवर नाव तुमचंच. बेळगावहून एकाने दोन हजार जास्त देऊ केले होते, नाही म्हणालो. तो माणूस सरळ होता, पण इतके दिवस वाट बघण्याची माझी तयारी नव्हती.

टेस्ट राइड तीनही रस्त्यांवर येतेच. पूर्ण रक्कम हातात किंवा त्याची स्वतःची गाडी आणि चावी आपल्याकडे, मगच. ओळखीतल्या वेड्याला हे सांगायला जड जातं, तरी सांगावं. त्यानेही आपली गाडी विकताना हेच केलेलं असतं.

माळ्यावरच्या खोक्यात जमवलेले सुटे भाग, जादा क्लच केबल, लिव्हर, इंडिकेटरची काच, हे जाहिरातीत आधीच लिहू नका. कन्सल्टंट त्याचे शून्य धरतो. इम्पल्स चालवणाऱ्याला मात्र हे दुकानात सहज मिळत नाही, म्हणून घासाघीस 38 आणि 40 च्या मध्ये अडली, की खोकं तेव्हा खाली काढायचं.