किलोमीटर चोख, तास बेभरवशाचे

दोन विमानतळांचे कोड टाकले की मधलं हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारी ही वेबसाइट मी सहा महिने वापरतेय. अंतराला पैकीच्या पैकी मार्क, वेळेला जेमतेम काठावर पास.

आईला सिंगापूरहून न्यूयॉर्कच्या थेट विमानात एकटीला बसवायचं होतं. एसआयएन, जेएफके असं टाकलं. उत्तर: सुमारे १५,३५० किमी, १७ तास ३३ मिनिटं. एवढं अंतर खरं वाटेना, म्हणून लेकाचा ३० सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल काढला आणि त्यावर शिवणाचा दोरा ताणला. मला वाटलं दोरा पॅसिफिकवरून जाईल. तो सरळ उत्तरेला चढला आणि गोलाच्या माथ्यावरच्या स्क्रूलाच टेकला! दोन्ही शहरांच्या रेखांशात जवळजवळ १८० अंशांचा फरक, मग जवळची वाट ध्रुवापासूनच जाणार. (खरी विमानं वारा बघून बऱ्याचदा पॅसिफिकवरूनच जातात, ते वेगळं.) दोरा भरला ३६ सेंमी. या गोलावर १ सेंमी म्हणजे साधारण ४२४ किमी. आकडा जुळला आणि माझा विश्वास बसला.

त्याच विश्वासावर गोळ्यांचा हिशेब केला. दर सहा तासांनी एक. पहिली विमानात बसताना घेतली, पर्समध्ये दोन, बाकीची पाकिटं मोठ्या बॅगेत. पुढची गोळी अठराव्या तासाला, तोवर आई उतरलेली असेल. पण विमान कंपनीच्या वेळापत्रकात हाच प्रवास साडेअठरा तासांच्या वर आहे, आणि ते मी पाहिलंच नव्हतं. बॅग हातात येईपर्यंत गोळीला चांगलाच उशीर झाला. आई फोनवर म्हणाली, "तुझं गणित खाली उतरलं गं, मी अजून वरच होते."

नंतर उलटा भागाकार करून पाहिला. साइट अंतराला ताशी ९०० किमीने भागते आणि वर अर्धा तास टाकते, बस्स. धावपट्टीपर्यंतचं रखडणं नाही, वारा नाही. लंडन-न्यूयॉर्क टाका, जाता-येता दोन्हीकडे ६ तास ३९ मिनिटंच. प्रत्यक्षात लंडनहून निघालं की वरचा वेगवान पश्चिमी वारा तोंडावर येतो, आठेक तास लागतात. परतताना तोच पाठीशी, तर सातेक तास.

हेलसिंकी-टोकियोला तर कहरच. साइट म्हणते नऊ तास आणि वर थोडी मिनिटं. फेब्रुवारी २०२२ नंतर फिनलंडच्या विमानांना रशियाचं आकाश बंद झालं, तेव्हापासून वळसा घालून तेरा तासांच्या आसपास लागतात. साइटची रेघ अजून सायबेरियावरूनच.

पाचपैकी तीन तारे. तासांशेजारी 'अंदाजे' असं ठळक लिहिलं तर चौथा देईन. आणि अंतर मीटरपर्यंत दाखवण्याची हौस कुणासाठी, कळत नाही.