पोलीस व्यवस्थापनासाठी संशोधन पद्धती शिकताना: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

हा अभ्यासक्रम घेऊ का, असं खात्यातल्या दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते. मी कोल्हापुरात ठाण्यात नेमणुकीला आहे. दूरशिक्षणाने, रात्रपाळी आणि बंदोबस्त सांभाळून शिकले. चैत्रात जोतिबाची यात्रा आली तेव्हा दोन आठवडे पुस्तकाला हात लागला नाही. अशा खाड्यांची सोय धरूनच प्रवेश घ्या.

आकडेमोड शिकायची म्हणून नाव घातलं होतं. मला हलवलं ते मात्र 'कार्यात्मक व्याख्या' या दुसऱ्याच पाठाने. आपण काय मोजतोय आणि कशाला ते म्हणतोय, हे मोजायच्या आधी लिहून काढायचं. गृहपाठाला मी मोबाईल चोरी घेतली, मध्यवर्ती बसस्थानक ते महाद्वार रोड एवढाच पट्टा. सीसीटीएनएसवर (पोलिसांची गुन्हे नोंदीची संगणक प्रणाली) दाखल गुन्हे बघितले तर सगळं शांत. मग गहाळ मालमत्तेच्या नोंदी काढल्या. गर्दीत खिशातून, पर्समधून गेलेले फोन तिथे 'प्रवासात कुठेतरी पडला' म्हणून बसले होते. फोनवाल्याला नव्या सिमकार्डासाठी दाखला हवा असतो, ठाण्याला गुन्ह्यांचा आकडा वाढायला नको असतो. दोघांचंही भागतं. असे दाखले मी स्वतः दिलेत. ज्या आकड्यावर आम्ही गस्त लावत होतो तो चोरीचा नव्हताच, दाखल झालेल्या चोरीचा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग वरचे आकडेही त्याच नजरेने वाचायला लागले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एका एफआयआरमधला सगळ्यात गंभीर गुन्हाच मोजतो. बलात्कार करून खून केला असेल तर पूर्वी तक्त्यात एक खूनच दिसायचा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. पूर्वीची भारतीय दंड संहितेच्या 379 खालची चोरी आता 303 मध्ये आहे, आणि हिसकावून नेण्याला 304 हे स्वतंत्र कलम मिळालं. त्या तारखेच्या अलीकडचे-पलीकडचे आकडे शेजारी ठेवून 'चोऱ्या कमी झाल्या' असं मासिक बैठकीत कुणी म्हणालं तर मी आता आधी कलमं विचारते.

मुलाखतीच्या भागावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो सार्थकी लागला. आपल्याला जबाब घ्यायची सवय. कधी, कुठे, कोण, किती, पुढचा प्रश्न. पहिल्या दिवशी कपिलतीर्थ मार्केटमध्ये गणवेशातच गेले. एका भाजीवाल्या मावशींना विचारलं, ''इथं पाकीटमारीचा त्रास होतो का?'' त्या उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, ''न्हाई मॅडम, आमच्याकडं काय बी न्हाई. सगळं बरं हाय.'' पुढच्या चार गाळ्यांवर हेच उत्तर, जवळपास त्याच शब्दांत. पाठात संमतीवर एक प्रकरण आहे: नाही म्हणायची मोकळीक नसेल तर होकाराला अर्थ नाही. वाचताना ते कागदी वाटलं होतं. बाजारात कळलं की माझ्यासमोर नाही म्हणायची हिंमत कुणाचीच होणार नाही.

दुसऱ्या खेपेला प्रश्न मी तयार केले आणि विचारायला समाजकार्य शिकणाऱ्या दोन मुलींना पाठवलं. नावं लिहायची नाहीत, गाळा नंबर लिहायचा नाही, कागद माझ्या हातात एकत्रच यायचे. प्रश्नही बदलला: ''गेल्या दिवाळीपासून तुमच्या किंवा तुमच्या गिऱ्हाइकाच्या वस्तू गेल्या, असं काही घडलं असेल तर सांगा.'' कागद भरून आले. कुठल्या कोपऱ्यावर गर्दी दाटते, कुणाची टोळी कुठल्या वारी येते, हे त्या मावशींना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तक्रार का दिली नाही, यावर बहुतेकींचं म्हणणं एकच: अर्धा दिवस ठाण्यात बसलं की त्या दिवसाचा माल सडतो. कुठल्याही रजिस्टरमध्ये हे मला मिळालं नसतं.

नमुना निवडीत एक चूक सगळे करतात, म्हणून सांगते. किती जणांना विचारायचं, तर 384 हा आकडा पाठ होतो: 95 टक्के विश्वासपातळी, 5 टक्के चूक. पण तो फार मोठ्या लोकसंख्येसाठी आहे. बाजारात गाळेच 200 असतील तर दुरुस्ती करून साधारण 132 पुरतात. माझ्याबरोबरच्या एकाने 384 भरायचे म्हणून तेच दुकानदार दोनदा विचारले.

संख्याशास्त्र जमतं. मध्यगा (आकडे चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो) शिकल्याचा उपयोग लगेच झाला. 112 वर कॉल आल्यापासून गाडी पोचेपर्यंतच्या वेळेची आपण सरासरी लावतो, पण गगनबावड्याकडच्या एखाद-दुसऱ्या लांबच्या कॉलने सगळी सरासरी बिघडते. काई-वर्ग कसोटी (दोन गोष्टींचा संबंध खरा की योगायोगाचा, हे तपासणारी) एक्सेलवरही होते, फक्त तक्त्याच्या चौकटीत अपेक्षित संख्या 5 च्या खाली जायला लागली की थांबायचं.

उणिवा दोन, आणि दोन्ही मोठ्या. साहित्य इंग्रजीत, मराठी संज्ञा प्रत्येकाने आपापल्या बनवायच्या. शिपाई-हवालदार दर्जाच्या माणसाला हे दार बंदच राहतं, आणि बीटवर (ठाण्याच्या हद्दीतला नेमून दिलेला भाग) खरं निरीक्षण तर तोच करतो. दुसरं, उदाहरणं जवळपास सगळी अमेरिकेची. ती वाईट नाहीत. कॅन्सस सिटीचा 1972-73 चा गस्तीचा प्रयोग मी तीनदा वाचला. 15 बीट, तीन गट: एकात नेहमीची गस्त बंद, एकात दुप्पट-तिप्पट, एकात पूर्वीसारखी. गुन्ह्यांत आणि लोकांच्या भीतीत म्हणावा असा फरक पडला नाही. उलट मिनिआपोलिसच्या 1989 च्या अभ्यासात साधारण 3 टक्के पत्त्यांवरून निम्मे कॉल आलेले आढळले. दोन्ही एकत्र वाचले की गाडी नुसती फिरवत ठेवण्यापेक्षा ठरावीक ठिकाणी थांबवावी असं वाटायला लागतं. पुढच्या एका अभ्यासात 10 ते 15 मिनिटांचा थांबा सगळ्यात उपयोगी दिसला. पण तिथला पत्ता म्हणजे घर नंबर आणि रस्ता. आपल्याकडे फिर्यादीत 'रंकाळ्याजवळ, वडाच्या झाडासमोर' असं असतं. ते नकाशावर कसं बसवायचं, याचा एक पाठ असायला हवा होता. मी बीट अंमलदारांना बरोबर घेऊन हाताने खुणा केल्या, पंधरा दिवस लागले.

घ्यावा का? ज्यांच्याकडे बीटवाटप, गस्त, बंदोबस्ताचं नियोजन आहे त्यांनी जरूर घ्यावा. फक्त बढतीच्या फाइलला प्रमाणपत्र लावायचं असेल तर आठ महिने जड जातील.

माझं काम अजून अर्धवट आहे. बाजारातून कळलेल्या तीन कोपऱ्यांवर थांबा सुरू केला, आणि महिन्याभराने तक्रारी वाढल्या. चोऱ्या वाढल्या, की माणूस समोर दिसायला लागल्यावर लोक सांगायला लागले? तुलनेला दुसरा बाजार मी घेतलाच नव्हता, त्यामुळे मला सांगता येत नाही. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती गर्दी होईल तेव्हा सहा कोपरे घेणार आहे, तीनवर थांबा आणि तीनवर नेहमीची गस्त, कुठले कुठे ते चिठ्ठ्या टाकून. त्या दोन मुलींना आत्ताच सांगून ठेवलंय.