गुहागरची घरपोच रक्ततपासणी : सीबीसीसाठी उत्तम, एपीटीटीसाठी नको

नूनन सिंड्रोम हा जन्मजात जनुकीय आजार असलेल्या मुलाचं टॉन्सिलचं किंवा दाताचं ऑपरेशन ठरलं की रक्त गोठण्याच्या तपासण्या आधी व्हायलाच हव्यात. या आजारात हृदयाची झडप अरुंद असू शकते हे डॉक्टर बघतातच. पण फॅक्टर ११ हे रक्त गोठवणारं प्रथिन कमी असणं, प्लेटलेट्स कमी असणं किंवा पुरेशा असूनही नीट काम न करणं, हे बऱ्याचदा राहून जातं. अशा मुलांना सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी तपासणी) या दोन्ही लागतात. त्यांच्या दृष्टीनं गुहागर पट्ट्यातल्या एका खासगी लॅबच्या घरपोच सेवेबद्दल हे लिहितो आहोत.

रक्त काढणारी माणसं चांगली आहेत. लहान मुलाची शीर पहिल्या टोचणीत सापडते, पट्टा मिनिटाच्या आत सुटतो, निळ्या टोपणाची (एपीटीटीची) नळी जांभळीच्या (सीबीसीच्या) आधी भरली जाते. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण जांभळीतलं ईडीटीए हे रसायन निळीत गेलं तर रिपोर्ट बिघडतो.

निळ्या नळीत ३.२ टक्के सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. ०.३ मिली सायट्रेटला २.७ मिली रक्त, म्हणजे एकास नऊ. रक्त खुणेच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी भरलं तर सायट्रेट जास्त होतं आणि एपीटीटी उगाच लांबतो. मूल रडतंय म्हणून नळी अर्धीच भरली, तर ती पाठवू देऊ नका. लहान मुलांसाठी कमी मापाची नळी मिळते, ती आणायला आधीच सांगून ठेवा. भरल्यावर तीन-चार वेळा हलकेच उलटीपालटी करायची, खळखळवायची नाही.

खरी अडचण पुढच्या प्रवासात आहे. सातला काढलेलं रक्त वेळणेश्वर, हेदवी अशी फेरी करून दुपारी चिपळूणला पोचतं आणि तिथून रात्रीच्या गाडीनं मुंबईला जातं. एपीटीटी चार तासांत व्हायला हवा. त्यात नळ्या बर्फाच्या पेटीत ठेवतात. बर्फात ठेवलं की माल ताजा राहतो, हा बंदरावरचा हिशेब इथं चालत नाही. यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या न केलेलं रक्त थंडीत ठेवलं तर फॅक्टर ८ आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर ही रक्त गोठवणारी प्रथिनं घटतात, आणि मुलाला नसलेला आजार कागदावर उमटतो. सायट्रेटचं रक्त साध्या खोलीच्या तापमानाला, उभ्या नळीत न्यायचं.

दूर पाठवायचंच असेल तर चिपळूणलाच सेंट्रिफ्यूज या वेगानं फिरणाऱ्या यंत्रात फिरवून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविना द्रव, वेगळा करायला हवा : १५०० जी (गुरुत्वाच्या १५०० पट जोर), १५ मिनिटं. वरचा प्लाझ्मा प्लास्टिकच्या नळीत घ्यायचा, पेशींच्या थराला पिपेट लावायची नाही, मग पुन्हा एकदा फिरवायचा. उणे २० अंशांना तो दोन आठवडे टिकतो, पण आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीज त्याला चालत नाही. पावसात लाइट जाते तेव्हा प्लाझ्मा वितळून पुन्हा गोठला असेल तर तो टाकून द्यावा. पुढचा प्रवास कोरड्या बर्फात. ही सोय इथं मागितल्याशिवाय होत नाही, म्हणून गुण पाचपैकी अडीच. सीबीसीसाठी मात्र निर्धास्त बोलवा.

एपीटीटीसाठी मुलाला घेऊन स्वतः चिपळूणला जाणं बरं. अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास आहे. जिथं तपासणी त्याच इमारतीत होते, तिथंच रक्त द्या. एपीटीटी नॉर्मल आला तरी थांबू नका. सौम्य कमतरता त्यात दिसेलच असं नाही आणि प्लेटलेट्सचं काम तर त्यात कळतच नाही. फॅक्टर ११ वेगळा मोजायला सांगा. प्लेटलेट्सच्या कार्याची तपासणी ताज्या रक्तावरच होते, त्यामुळे त्यासाठी मूलच मुंबईला न्यावं लागतं. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) एनआयआयएच ही रक्तविकारांवर काम करणारी संस्था आहे.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर फॅक्टर ११ मुळातच कमी असतो. तो आकडा मोठ्यांच्या मापाशी ताडून पाहू नका, नंतर पुन्हा मोजून घ्या. आणि तपासण्या पूर्ण होईपर्यंत तापाला ॲस्पिरिन नको, पॅरासिटामॉलच.