कार्बाइडचा चुना, स्लॅग की राख? बडोद्याच्या ब्लॉकवाल्यांसाठी

माझ्या भाच्याचा मकरपुऱ्यात पेव्हर ब्लॉक आणि विटांचा कारखाना आहे. त्याचा प्रश्न साधा होता: “मामा, राखेची वीट हवेतला कार्बन खाते म्हणतात. खरं आहे का? नाहीतर दुसरं काय घेऊ?”

हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढायला मालात मोकळा चुना लागतो. भिंतीला मारलेली चुन्याची सफेदी वाळल्यावर टणक होते ती याचमुळे. चुना वायू घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. ही एवढी कसोटी लावली की अर्धा माल इथेच बाद होतो.

पहिला बाद होतो तो औष्णिक केंद्राची राख. आपल्याकडच्या दगडी कोळशाच्या राखेत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असतात, चुना जेमतेम. सुरतेकडच्या नानी नरोलीत लिग्नाइट जाळताना चुनखडी टाकतात. तिथल्या राखेत चुना बराच असतो, तो वेगळा माल समजा.

स्टीलच्या स्लॅगमध्ये, म्हणजे पोलाद करताना निघणाऱ्या मळीत, चुना भरपूर, पण बहुतेक सिलिकेटमध्ये अडकलेला. उघड्यावर तो वायू घेतो, पण फार सावकाश आणि वरवरचा. शिवाय उरलेला मोकळा चुना पुढे फुगतो आणि ब्लॉकला तडे जातात, म्हणून स्लॅग आधी काही महिने मुरवावा लागतो. सुरतेजवळच्या हजिऱ्याच्या स्टील कारखान्यातून आणायचा तर दीडशे किलोमीटर. त्या डिझेलचा धूर सगळी कमाई खाईल असे अनेकांना वाटते. माझ्या अंदाजाने पंचवीस टनांच्या गाडीचा जाऊन-येऊन हिशेब टनामागे आठ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे तो मुद्दा नाही. मुद्दा भाड्याचा आहे. आणि जवळच्या फाउंड्रीतला इंडक्शन भट्टीचा स्लॅग फुकट मिळाला तरी या कामाला नको, त्यात मुख्यतः सिलिका आणि लोखंडाचे ऑक्साइड.

उरला ॲसिटिलीन कारखान्यातला कार्बाइडचा चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकून ॲसिटिलीन काढल्यावर मागे राहतो तो. तो बहुतांशी भिजवलेल्या चुन्याचीच मळी. पूर्ण वायू घेतला तर एक टन कोरडा चुना सुमारे ५९० किलो कार्बन डायऑक्साइड बांधतो. मळीत निम्मे पाणी असेल तर आकडाही निम्मा. हा चुना मुळात चुनखडी भाजून झालेला, तेव्हा तो वायू आधीच हवेत गेला होता. पण टाकाऊ म्हणून पडून असलेला माल तो परत घेत असेल तर वाईट काय?

मात्र पांढरी मळी दिसली की गाडी भरू नका. आपल्या पट्ट्यात तीन पांढऱ्या मळ्या भेटतात, त्यातली एक ही कार्बाइडची. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यातली ब्राइनची (मिठाच्या पाण्याची) मळी बरीचशी आधीच कार्बोनेट झालेली असते. खतकारखान्यातला फॉस्फोजिप्सम हा सल्फेट, तो आपणहून हवेतून काही घेत नाही. चिमूटभर नमुन्यावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाका. भसाभस फेस आला तर तो चुना जुना किंवा दुसराच माल. ताज्या कार्बाइडच्या चुन्यावर फिनॉल्फ्थॅलीन (क्षार असला की गुलाबी होणारे द्रावण) टाकले तर रंग गडद गुलाबी होतो, ॲसिडने फेस थोडाच येतो. तिखट लसणासारखा वास असेल तर माल मोकळ्या हवेत ठेवा, आणि हातमोजे, चष्मा हवाच; हा चुना कातडी खातो.

आता खरी निवड. राख, चुना आणि जिप्सम मिळून होणारी वीट आपल्या देशात जुनी आहे. विशाखापट्टणमच्या भानुमतिदास आणि कालिदास या संशोधकांनी तिला ‘फाल-जी’ (फ्लाय ॲश, लाइम, जिप्सम) म्हणून रुजवले. तिला कार्बन क्रेडिट (कार्बन वाचवल्याचा विकता येणारा दाखला) मिळाले ते मातीच्या विटभट्टीचा कोळसा वाचला म्हणून, हवेतून वायू ओढला म्हणून नव्हे. त्या विटेत चुना राखेशी जुळून ताकद देतो. हवेत पसरून आधीच चुनखडी झालेल्या चुन्यात ती ताकद उरत नाही, तो नुसता भराव. म्हणजे तोच चुना एकतर विटेला बांधेल, नाहीतर हवेतला वायू खाईल. भाच्याला मी पहिले सांगितले: चुना ताडपत्रीखाली झाका आणि विटेत वापरा. भाव सिमेंट आणि कोळसा वाचल्याचा सांगा, ‘हवा शुद्ध करणारी वीट’ असे लिहू नका.

हवेतूनच ओढायचा हट्ट असेल तर जागा मोजा. एक घनमीटर हवेत जेमतेम पाऊण ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका किलोसाठी सुमारे १३०० घनमीटर हवा चुन्यावरून जायला हवी. ढीग घालून चालत नाही, वरची पापडी होते आणि आत चुना तसाच. पातळ थर, अधूनमधून खोरे. मे महिन्यात थर कोरडा पडून काम थांबते, पावसाळ्यात छिद्रे पाण्याने भरतात. थर नुसता ओलसर राहील एवढेच पाणी शिंपडा.

काही विक्रेते ब्लॉक बंद खोलीत ठेवून त्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात. काम वेगाने होते, पण वायू सिलिंडरचा किंवा चिमणीचा, हवेतला नाही. पेव्हरमध्ये सळई नसते म्हणून तिथे हे चालून जाते. सळईच्या कामात नको, काँक्रीटचा क्षार कमी झाला की सळई गंजते. विकत घेण्याआधी एक ब्लॉक फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन फवारायला सांगा. कडेला दोन मिलिमीटर रंगहीन आणि मधे सगळा गुलाबी दिसला, तर वायू आत गेलेलाच नाही.