मुदतवाढीवर चाललेली मध्यस्थी: आसियानच्या म्यानमार दूतसेवेचे परीक्षण

बँक, विमा किंवा पासपोर्ट कार्यालयाच्या सेवेचे परीक्षण करताना आपण काय देऊ केले होते आणि हाती काय पडले, हे पाहतो. तोच निकष शेजारी राष्ट्रांनी चालवलेल्या मध्यस्थीलाही लावायला हरकत नसावी. आसियान ही आग्नेय आशियाई राष्ट्रांची संघटना म्यानमारसाठी २०२१पासून अशी सेवा चालवत आहे. रत्नागिरीचा थिबा पॅलेस आणि मंडालेचा तुरुंग यांमुळे ब्रह्मदेश मराठी वाचकाला अगदीच परका नाही, पण तिथे आज लोकशाहीसाठी नेमकी कोणती खटपट चालू आहे याकडे आपले फारसे लक्ष नसते.

नोव्हेंबर २०२०च्या निवडणुकीत आंग सान सू ची यांच्या पक्षाने मोठे बहुमत मिळवले आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता हाती घेतली. त्यानंतर २४ एप्रिलला जकार्तामध्ये आसियानच्या नेत्यांनी लष्करप्रमुख मिन आंग ह्लाइंग यांना समोर बसवून पाच कलमांची सहमती जाहीर केली: हिंसाचार थांबवावा, सर्व संबंधितांमध्ये संवाद सुरू व्हावा, अध्यक्ष राष्ट्राच्या विशेष दूताने मध्यस्थी करावी, मानवतावादी मदत पोहोचवावी आणि दूताने म्यानमारला जाऊन सर्वांना भेटावे. या पाच कलमांत निवडणूक, सत्तेचे हस्तांतर किंवा कैद्यांची सुटका यांपैकी काहीही नाही. राजकीय कैद्यांचा विषय अध्यक्षांच्या निवेदनात येतो, पण तोही ‘सुटकेची मागणी आम्ही ऐकली’ एवढ्याच अर्थाने. कोणत्याही कलमाला मुदत नाही आणि ते न पाळल्यास काय होईल, याचा उल्लेख नाही. बैठकीनंतर काही दिवसांतच लष्करी राजवटीने कळवले की देशात स्थैर्य आल्यावर या सूचनांचा विचार केला जाईल. करारावरची शाई वाळण्याआधीच सेवा घेणाऱ्याने अशी भूमिका घेतली, तर सेवा देणाऱ्याने तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

सर्वात मोठा दोष दूताच्या नेमणुकीत आहे. दूत अध्यक्ष राष्ट्राचा आणि अध्यक्षपद दरवर्षी बदलणारे, त्यामुळे ब्रुनेईचे एरीवान युसुफ, मग कंबोडियाचे प्राक सोखोन, पुढे लाओस आणि मलेशियाचे प्रतिनिधी अशी ही माळ लागत गेली. एका दूताने ओळखी करून घ्याव्यात, विश्वास कमवावा आणि डिसेंबरात कागदपत्रे पुढच्याच्या स्वाधीन करावीत, या पद्धतीत लष्कराला फक्त वेळ काढायचा असतो. एरीवान यांना नेमायलाच ऑगस्ट उजाडला. लष्कराच्या कैदेत असलेल्या सू ची यांना भेटू दिले जात नाही हे स्पष्ट झाल्यावर त्यांनी दौराच रद्द केला, आणि ऑक्टोबरच्या शिखर परिषदेला लष्करप्रमुखांऐवजी अराजकीय प्रतिनिधी बोलावण्याचा निर्णय झाला. म्यानमारची खुर्ची रिकामी राहिली. हे या सेवेतले सर्वात कणखर पाऊल. कंबोडियाने उलट वाट धरली: तेव्हाचे पंतप्रधान हुन सेन जानेवारी २०२२मध्ये स्वतः म्यानमारच्या राजधानीत, नेपिडोला गेले, पुढे फाशी थांबवण्याची जाहीर विनंतीही केली, पण जुलैत चार लोकशाहीवादी कार्यकर्त्यांना फासावर चढवण्यात आले.

इंडोनेशियाचे २०२३ हे वर्ष मात्र वेगळे ठरले. परराष्ट्रमंत्री रेत्नो मार्सुदी यांनी दूताचे कार्यालय आपल्याच मंत्रालयात थाटले आणि लष्कर, राष्ट्रीय एकता सरकार (लष्कराने हटवलेल्या लोकप्रतिनिधींनी स्थापलेले समांतर सरकार) व वांशिक सशस्त्र गट यांच्याशी गाजावाजा न करता शंभराहून अधिक वेळा संपर्क साधला. त्यातून शस्त्रसंधी झाली नाही, पण विरोधकांशीही आसियान बोलू शकते, हे तरी सिद्ध झाले. त्याच वर्षी २०२६चे अध्यक्षपद म्यानमारऐवजी फिलिपिन्सला देण्याचे ठरले.

मदतीच्या कलमाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जकार्तातील आसियानचे मदतकेंद्र नैसर्गिक आपत्तीसाठी उभारलेले आहे आणि देशात वाटप करताना त्याला लष्करी प्रशासनावरच अवलंबून राहावे लागते. मार्च २०२४मध्ये थायलंडने माए सोतच्या सीमेवरून कायिन राज्यात मदत पाठवली. वाटप रेड क्रॉसमार्फतच होते, पण वाट तरी दुसरी होती. मार्च २०२५च्या भूकंपात मंडाले आणि सगाइंग उद्ध्वस्त झाले, त्यानंतरही लष्कराचे हवाई हल्ले थांबले नाहीत. त्या वर्षी आसियानचे अध्यक्ष असलेले मलेशियाचे पंतप्रधान अन्वर इब्राहिम यांनी एप्रिलमध्ये बँकॉकला लष्करप्रमुखांची भेट घेतली आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय एकता सरकारशी ऑनलाइन चर्चा केली. चार वर्षांनंतर का होईना, दोन्ही बाजूंना जाहीरपणे सलग दोन दिवसांत वेळ देण्यात आला.

सू ची यांचा पक्ष २०२३मध्येच विसर्जित केल्यावर डिसेंबर २०२५मध्ये लष्कराने मतदान सुरू केले, ते या सहमतीच्या चौकटीत कुठे बसते याचे उत्तर पाच कलमांत सापडत नाही. म्हणून पाचपैकी दोन तारे: एक इंडोनेशियाच्या चिकाटीला, दुसरा रिकाम्या खुर्चीला. ज्या शेजाऱ्यांना केवळ संपर्क तुटू नये एवढेच हवे आहे, त्यांना ही सेवा पुरेल. म्यानमारच्या चिन, कायिन किंवा सगाइंग या प्रांतांतल्या विस्थापितांना ती सुचवता येणार नाही. दूताची मुदत किमान तीन वर्षांची करून त्याचे कार्यालय जकार्तात कायमचे बसवले, तर हा आकडा बदलण्याचा विचार करता येईल.