गोल्फ स्विंगमध्ये कंबर किती फिरवायची? कोणती पद्धत कोणाला झेपेल

कुठल्याही गोल्फ रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, थोडा वेळ उभं राहून ऐका, शेजारशेजारच्या लोकांना अगदी उलटसुलट सल्ले मिळत असतात. एकाला सांगितलंय कंबर धरून ठेव आणि फक्त खांदे फिरव, दुसऱ्याला सांगितलंय कंबर मोकळी सोड, डावी टाच उचलली गेली तरी चालेल, तिसऱ्याला वजन डाव्या पायावरून हलवूच नको म्हणून बजावलंय आणि चौथ्याला कोणीतरी म्हणालंय की शरीराचं सगळं विसर, क्लबचं, म्हणजे काठीचं, डोकं फिरव. यातला एकही सल्ला खोटा नाही, प्रत्येकाच्या मागे मोठे प्लेअर्स उभे आहेत. पण शरीर बघून निवड करायला हवी, आणि तेच कोणी करत नाही. खाली सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलंय, आणि डोळ्यासमोर आहे चाळिशीतला, दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारा, शनिवार-रविवार खेळायला मिळणारा माणूस.

आधी कंबर धरून ठेवणारी पद्धत, कारण यूट्यूबवर सगळ्यात जास्त हीच दिसते. १९९२ मध्ये जिम मॅक्लीन या अमेरिकन कोचने एक्स-फॅक्टर ही कल्पना मांडली. बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे नेण्याच्या, टोकाला खांदे साधारण ९० अंश फिरलेले आणि कंबर ४५ किंवा त्याहून कमी, तर या दोनमधला फरक म्हणजे एक्स-फॅक्टर, आणि लांब मारणाऱ्या प्रोंमध्ये, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंमध्ये, हा फरक मोठा दिसतो असं त्याचं म्हणणं. कल्पनेत दम आहे, पीळ जास्त तर सुटताना वेग जास्त. फक्त तो पीळ कुठे बसतो हे बघा ना, मणक्याच्या खालच्या भागावर आणि उजव्या हिपच्या सांध्यावर. वीस वर्षांचा पोरगा, रोज जिमला जाणारा, स्ट्रेचिंग करणारा, त्याने हे जरूर शिकावं. आपल्यासारख्याचे खांदेच मुळात ७०-७५ वर अडकतात, त्यात कंबर पण धरली की खांदे अजून आखडतात, मग टर्न पूर्ण झाल्यासारखं वाटावं म्हणून हात वर उचलले जातात, तिथून क्लब बाहेरून आत येतो आणि स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळून जाणारा बॉल, ठरलेला. पाठ दुखते ती वेगळीच. मला विचाराल तर चाळिशीनंतर नव्याने शिकणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये, कोच कितीही भारी असला तरी.

याच्या अगदी उलट जुनी पद्धत. बॉबी जोन्स असेल, जॅक निकलस असेल, या जुन्या अमेरिकन चॅम्पियन्सची कंबर भरपूर फिरायची आणि बॅकस्विंगला डावी टाच जमिनीवरून उचलली जायची. टाच उचलली की डावा गुडघा आत येतो, कंबर सहज फिरते, आणि खांद्यांना ९० पर्यंत जायला पाठीला ओढाताण करावी लागत नाही. निकलसने १९८६ मध्ये मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. पुढे १९९९ मध्ये त्याचं हिप बदलावं लागलं हेही खरं, म्हणजे टाच उचलली की शरीर सुरक्षित, असं काही गणित नाहीये. पण कमी लवचिक माणसाला पूर्ण टर्न मिळवून देणारा याच्याइतका सोपा मार्ग मला दुसरा दिसत नाही.

यात एकच गोष्ट सांभाळायची, कंबर फिरायच्या ऐवजी उजवीकडे सरकते आणि दोन्ही आतून सारखंच वाटतं. साधी परीक्षा आहे, उजव्या कंबरेच्या बाहेर चार बोटं जागा सोडून अलाइनमेंट स्टिक, म्हणजे सरावाची बारीक काठी, जमिनीत खोचा, रेंजच्या मॅटवर असाल तर गोल्फ बॅग उभी करा, आणि क्लब न घेता हात छातीवर ठेवून बॅकस्विंग करा. बॅगला धक्का लागला तर तुम्ही सरकताय. उजवा मागचा खिसा बॉलपासून लांब, मागच्या दिशेला जातोय असं वाटलं तर फिरताय. हे घरी आरशासमोर पण होतं, त्याला रेंजचे पैसे लागत नाहीत.

इथेच जुना अमेरिकन चॅम्पियन बेन होगनचं नाव निघतं. होगनने १९५७ मध्ये लिहिलं की डाऊनस्विंगची, म्हणजे क्लब खाली बॉलकडे आणण्याची, सुरुवात कंबरेने करायची, कंबर डावीकडे वळवायची, आणि तेव्हापासून निम्मं गोल्फ जग तेच सांगतंय. पण होगनचा आजार हुक होता, बॉल डावीकडे वळून जायचा, आणि त्याची ग्रिप, त्याचं कंबर उघडणं हे सगळं त्या हुकला आवरायला होतं. आपल्यातले बहुतेक नवशिके स्लाइसवाले. हुकचं औषध स्लाइसवाल्याने घेतलं तर कंबर लवकर उघडते, खांदे तिच्या मागोमाग ओढले जातात, क्लबफेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, मागे उघडाच, उजवीकडे बघत राहतो आणि बॉल अजून उजवीकडे. तेव्हा होगन वाचा, जरूर वाचा, फक्त आधी आपला बॉल कुठे वळतोय ते बघा.

तिसरी पद्धत स्टॅक अँड टिल्ट, माइक बेनेट आणि अँडी प्लमर या कोचची, २००७ च्या आसपास खूप गाजली, ऑस्ट्रेलियन प्रो आरोन बॅडली ही शिकून त्या वर्षी टूरवर, म्हणजे प्रोंच्या स्पर्धांत, जिंकला होता आणि नंतर दोनेक वर्षांत जुन्या कोचकडे परतही गेला. यात वजन सुरुवातीपासून डाव्या पायावर जास्त आणि बॅकस्विंगला ते उजवीकडे न्यायचंच नाही, डावा खांदा खाली जातो, उजवा पाय सरळ होतो, त्यामुळे कंबर चांगली फिरते पण जागच्या जागी. ज्यांची आयर्न, म्हणजे जमिनीवरच्या बॉलसाठीचा क्लब, बॉलच्या आधी जमिनीत घुसते, म्हणजे फॅट शॉट्सवाले, त्यांना याचा फरक पटकन जाणवतो. क्रिकेट खेळून आलेल्यांनाही पुढच्या पायावर वजन ठेवणं परकं वाटत नाही. उणी बाजू ड्रायव्हरची, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबची. बॉल टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, असतो, तो वर जाताना मारायचा असतो आणि इथे सगळं शरीर पुढे, त्यामुळे नवख्याचा ड्राइव्ह खाली राहतो, कधी उजवीकडे जातो. आणि एक लक्षात ठेवा, फॅट शॉट मॅटवर कळत नाही, क्लब मॅटवरून घसरून बॉलला लागतोच. ही पद्धत जमतेय की नाही ते गवतावर बघा, पावसाळ्यातल्या ओल्या फेअरवेवर, म्हणजे कोर्सच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, तर लगेच समजतं.

चौथी अर्नेस्ट जोन्सची, आणि मला स्वतःला हिच्याबद्दल फार आदर आहे. हा इंग्लिश प्रो, १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात उजवा पाय गुडघ्याखाली गेला, आणि त्यानंतरच्या पहिल्याच राउंडला, म्हणजे पूर्ण १८ होलला, कुबड्या घेऊन फक्त ८३ फटके मारले. मग त्याला वाटलं की पाय नसताना स्विंग होतोय तर स्विंग कशाने होतो? त्याचं उत्तर होतं हात आणि क्लबचं डोकं, शरीर आपोआप मागोमाग येतं. रुमालाच्या टोकाला पेननाइफ बांधून तो गोल झुलवून दाखवायचा, झटका दिला की रुमाल ढिला पडतो, लयीत झुलवला तर ताणलेला राहतो. ज्यांच्या डोक्यात एका वेळी सहा सूचना फिरतात त्यांनी महिनाभर फक्त हे करावं. अडचण एवढीच की कंबर आपोआप येते हे सगळ्यांच्या बाबतीत होत नाही, ज्यांचं हिपच आखडलेलं आहे त्यांचे नुसते हात फिरतात.

या पद्धतींची मिसळ मात्र करू नका, हे अमेरिकन कोच जिम हार्डीने २००५ च्या सुमारास फार नीट मांडलं. काही स्विंगमध्ये हात आणि खांदे जवळपास एकाच प्लेनमध्ये, म्हणजे एकाच तिरक्या पातळीत, फिरतात, तिथे जोरात शरीर फिरवणं हेच इंजिन, आणि काहींमध्ये हात खांद्यांपेक्षा उभे वर जातात, तिथे शरीर लवकर फिरलं तर हात मागेच राहतात. एकाला बरा करणारा सल्ला दुसऱ्याला बिघडवतो.

ठरवायच्या आधी खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकलेले, गुडघे जुळलेले, क्लब छातीवर आडवा धरा आणि दोन्ही बाजूंना वळा. ४५ अंश सहज जात असाल, पाठीची तक्रार नसेल आणि वय हाताशी असेल तर एक्स-फॅक्टरवाला कोच चालेल. जात नसाल तर मोकळ्या कंबरेची जुनी पद्धत घ्या, माझं मत बहुतेकांसाठी हेच आहे. आयर्न सतत फॅट बसत असेल तर स्टॅक अँड टिल्ट. आधीच मणक्याचा त्रास असेल तर यातलं काहीही सुरू करण्यापूर्वी फिजिओला दाखवा. आणि कोचला फी भरायच्या आधी एवढंच विचारा, माझी टाच उचलली गेली तर चालेल का? जो लगेच हो किंवा नाही म्हणतो त्याच्यापेक्षा जो आधी तुम्हाला वळायला लावून बघतो त्याच्याकडे नाव घाला.